पक्ष, साध्य आणि साबुदाणा

बाकोबा हे ज्ञानोबा-तुकोबांच्या पंगतीतले कुणी संत असावेत, अशी माझ्या आजीची बरेच दिवस समजूत होती. मी नववीत होतो. संध्याकाळी 'बाकोबा, कोबाको, बाबाबा' असं मोठ्यांदा घोकत बसायचो आणि आजी वाती वळता वळता पहिल्या नावाला हात जोडायची. कोबाकोला जोडत नसे. ते तिला परमुलखातले वाटले असावेत. शेवटी मी तिला उलगडून सांगितलं की बाकोबा म्हणजे बाजू-कोन-बाजू. दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन सारखा असला की दोन त्रिकोण एकरूप होतात. आजी म्हणाली, "होईनात का. आपल्याला काय त्रास आहे?"

भूमितीविषयी इतकी निरोगी भूमिका मी नंतर कुणाची पाहिली नाही.

आता माझी मुलगी दहावीला आहे. परवा गणित भाग २ चं पुस्तक उपडं ठेवून तिने विचारलं, "बाबा, हे शिकून होतं काय?" मी तयारीत होतो. हे उत्तर वडिलांनी मला दिलं होतं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी, आणि असं मागे मागे जात थेट प्लेटोपर्यंत पोचता येतं. ज्यांना हिशेबाचं अंग असतं ते इतर विषयांतही चटपटीत असतात आणि मठ्ठ माणूससुद्धा त्या तालमीने थोडा तरतरीत होतो, असं त्याने लिहून ठेवलंय. मी म्हणालो, "तर्कशुद्ध विचार करायची सवय लागते."

"सिद्ध करा," ती म्हणाली.

आमच्या वेळी सिद्ध करायला सांगायचा हक्क फक्त सरांना होता. भूमितीचे सर वर्गात यायचे ते खांद्यावर लाकडी कर्कटक टाकून, शेतकरी कुदळ टाकतो तसे. त्याच्या एका टोकाला सुतळीने खडू बांधलेला असे. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पक्ष, त्याखाली साध्य, मग रचना, मग सिद्धता. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. कारण नाही तर गुण नाही. पक्ष म्हणजे जे दिलंय ते, आणि भूमितीत पक्ष मधेच बदलता येत नाही, असं सर सांगत. पुढे मतदार झाल्यावर ही अट फक्त त्या विषयापुरती आहे हे कळलं. रचना मला विशेष आवडायची. पक्षात नसलेली, पण साध्याला सोयीची पडेल अशी एखादी तुटक रेघ आपल्या पदरची घालायची, तिला रचना म्हणतात.

एकदा मी कंसात 'आकृतीवरून दिसते' असं कारण लिहिलं. सरांनी वही वर्गाला दाखवली. "दिसतं ते सांगू नकोस, ठरतं ते सांग." मी म्हणालो, "सर, पण धडधडीत दिसतंय." त्यावर त्यांनी फळ्यावर दोन सारख्या रेघा काढल्या. एकीच्या टोकांना बाहेर उघडणारे बाण काढले, दुसरीच्या टोकांना आत वळलेले, आणि कोणती मोठी ते विचारलं. मी सांगितली. त्यांनी पट्टी लावली. मी खाली बसलो.

माझ्या बाजूने बोलणारे अडीच हजार वर्षांत अगदीच कुणी नव्हते असं नाही. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे युक्लिडने रीतसर सिद्ध केलंय. पहिल्या पुस्तकातलं विसावं प्रमेय. त्यावर एपिक्युरसच्या पंथातले लोक हसायचे. म्हणायचे, हे सिद्ध कसलं करता, हे गाढवालाही कळतं. एका कोपऱ्यात गवत ठेवा, दुसऱ्या कोपऱ्यात गाढव उभं करा. ते तिसऱ्या कोपऱ्याला वळसा घालून जात नाही, सरळ गवताकडे जातं. प्रोक्लस नावाच्या भाष्यकाराने याला गंभीरपणे उत्तर दिलंय की बाबांनो, गाढवाला रस्ता कळतो, कारण कळत नाही. बरोबरच आहे. पण गाढवाला गवत मिळालेलं असतं, हेही खरं.

सरांचं सगळं पटत होतं. एकच गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, ती आता मुलीच्या वह्या चाळताना येते. साध्य आधीच छापलेलं असे. 'सिद्ध करा की कोन ब आणि कोन क एकरूप आहेत.' ते एकरूप आहेत की नाहीत असं कुणी कधी विचारलं नाही. दहावीपर्यंत मी शेकड्यांनी प्रमेयं आणि उदाहरणं सोडवली असतील, पण साध्य खोटं निघालं असं एकदाही झालं नाही. म्हणजे निष्कर्ष हातात घेऊन बसायचं आणि त्याला कारणं जमवायची, हेच आम्ही वर्षानुवर्षं गिरवलं. परीक्षेत माझी एक पद्धत होती. वरून पक्षाच्या तीन ओळी लिहायच्या, खालून साध्याच्या दोन ओळी उलट्या लिहीत वर यायचं, आणि मधे जिथे दोन्हीकडचा रस्ता खचलेला असे तिथे 'विधान १ व २ वरून' असा पूल टाकायचा. पाचपैकी तीन गुण मिळत. पुढे नोकरीत टिपणी लिहिताना हीच विद्या कामी आली. साहेबांनी काय करायचं ते ठरवलेलं असतं, नियम छापलेले असतात, मधला पूल आपण टाकायचा. लग्न जमवताना, घर घेताना, मुलांना शाळा निवडताना मी दुसरं काही केलेलं नाही.

यात मी एकटा नाही. टॉमस हॉब्ज हा इंग्रज तत्त्वज्ञ चाळिशीला आला तोवर त्याने भूमितीकडे पाहिलं नव्हतं. एकदा कुणाच्या तरी ग्रंथसंग्रहात युक्लिड उघडा पडलेला दिसला, पान पायथागोरसच्या प्रमेयाचं. हॉब्ज शपथ घेऊन म्हणाला, हे अशक्य आहे. सिद्धता वाचली, तिच्यात आधीच्या प्रमेयाचा आधार होता, म्हणून ते वाचलं, त्यात त्याच्या आधीचं. असा उलटा चालत तो तळाला पोचला आणि भूमितीच्या प्रेमातच पडला. ही हकिगत जॉन ऑब्रीने नोंदवलीय आणि गणिताचे शिक्षक ती आवडीने सांगतात. पुढची सांगत नाहीत. पुढे हॉब्जने वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायची रीत सापडल्याचं जाहीर केलं. जॉन वॉलिस या गणितीने तिच्यातली चूक दाखवली. हॉब्जने नवी सिद्धता काढली, वॉलिसने नवी चूक. हे भांडण १६५५ पासून हॉब्ज १६७९ मध्ये वारला तोवर चाललं. कारण साध्य ठरलेलं होतं.

हे सगळं मी मुलीला ऐकवत असताना तिने मला एक कागद दिला. "हे तपासा." कागदावर सिद्ध केलं होतं की कोणताही त्रिकोण समद्विभुज असतो.

मी चष्मा लावला. त्रिकोण अबक. कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक, हे त्रिकोणाच्या आत म या बिंदूत मिळतात. म पासून अब वर लंब मप, अक वर लंब मफ. अमप आणि अमफ हे त्रिकोण एकरूप, कारण कोकोबा. बरोबर. म्हणून अप आणि अफ सारखे, मप आणि मफ सारखे. बरोबर. म हा लंबदुभाजकावर, म्हणून मब आणि मक सारखे. बरोबर. मग मपब आणि मफक हे काटकोन त्रिकोण एकरूप, कर्णभुजा कसोटी. हेही बरोबर! म्हणून पब आणि फक सारखे. बेरीज केली की अब आणि अक सारखे. मी प्रत्येक ओळीवर टिक करत खाली आलो आणि शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. जगातले सगळे त्रिकोण समद्विभुज आहेत, हे मी माझ्या सहीनिशी मान्य केलं होतं.

मी पुन्हा वर गेलो. कंस तपासले, कसोट्या तपासल्या, अक्षरांची अदलाबदल झालीय का पाहिलं. एकही कारण चुकीचं नव्हतं. अर्ध्या तासाने तिने कंपासपेटी पुढे सरकवली. "आकृती नीट काढा." मी कर्कटक घेऊन, जीभ बाहेर काढून, नीट काढली. तो म बिंदू त्रिकोणाच्या आत पडतच नाही! बाहेर पडतो. आणि दोन लंबांपैकी एक बाजूवर टेकतो, दुसरा बाजू वाढवून तिच्या शेपटावर. म्हणजे एकीकडे बेरीज करायची आणि दुसरीकडे वजाबाकी. कागदावर कुणीतरी हाताने काढलेल्या आकृतीत म आत दाखवला होता आणि मी 'आकृतीवरून दिसते' म्हणून तो निमूट घेतला होता. सरांनी वही पुन्हा एकदा वर्गाला दाखवली असती. ॲलिसच्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. त्याच्या मृत्यूनंतर १८९९ मध्ये निघालेल्या संग्रहात ही गंमत आहे, त्यामुळे फसलेल्यांची परंपरा तरी मोठी आहे. माझ्या घरातली बहुतेक भांडणंही याच जातीची असतात, हे मात्र कॅरलला ठाऊक नसावं. कारणं सगळी बिनतोड, आणि म कुठे आहे हे कुणीच पाहिलेलं नसतं.

मानहानी भरून काढायला मी तिच्यापुढे चार पत्ते ठेवले. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात काढलेलं कोडं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम खरा आहे का हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील?

मुलगी म्हणाली, "क मध्येही अ आहेच की. त्याचा पाय मोडा."

मी पाय मोडला. मग तिने अ आणि ४ निवडले. शेजारून सौभाग्यवतींनीही अ आणि ४. खरं सांगायचं तर पूर्वी मीही तेच निवडलं होतं. उत्तर आहे अ आणि ७. चारच्या मागे काहीही असलं तरी नियमाला धक्का लागत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. वेसनच्या पत्त्यांचं बरोबर उत्तर देणारा दहांत एखादाच निघतो.

आई पलंगावर शेंगा सोलत होती. तिची शाळा सातवीपर्यंत, तीही मधून मधून. तिला अ आणि क् मध्ये ओढण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "आई, समज एकादशीला घरात चार जण जेवतायत. ज्याचा उपास असेल त्याने उपासाचंच खायचं. एकाचा उपास आहे हे तुला माहीत आहे, पण ताट दिसत नाही. एकाचा उपास नाही. तिसऱ्याच्या ताटात साबुदाण्याची खिचडी दिसतेय, चौथ्याच्या ताटात वडा. कुणाकडे जाऊन बघशील?"

आईने मान वर केली नाही. "पहिल्याचं ताट बघीन आणि वडा खाणाऱ्याला विचारीन, उपास ना रे तुझा?"

"आणि खिचडीवाला?"

"त्याला काय विचारायचं? उपास नसलेलेच जास्त खातात खिचडी."

एका वाक्यात चारचा पत्ता निकालात! कोडं तेच होतं, नुसती अक्षरं जाऊन खिचडी आली होती. फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांवर १९८२ मध्ये असाच प्रयोग झाला होता. तिथे एकादशी नसल्याने बिअर आणि वयाची अट घेतली होती, आणि चारांपैकी जवळजवळ तिघांना उत्तर बरोबर आलं. म्हणजे नियम कुणीतरी चोरून मोडत असेल अशी शंका आली की माणसाची तर्कबुद्धी आपोआप धावते. त्याला कर्कटक लागत नाही.

मग गणिताचं काम काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही रीतसर तपासलाय. अमेरिकेत थॉर्नडाइकने आठ हजारांवर विद्यार्थी तपासून १९२४ मध्ये सांगितलं की अमुक विषय घेतल्याने बुद्धीला धार येते, असा मोठा फरक दिसत नाही. चांगली डोकी भूमितीकडे जातात म्हणून श्रेय भूमितीला मिळतं, असा एकूण सूर. अलीकडे, २०१३ मध्ये, नीना ॲट्रिज आणि मॅथ्यू इंग्लिस यांनी इंग्लंडमधल्या बारावीच्या आसपासच्या मुलांची दोनदा परीक्षा घेतली, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी. काही मुलं गणित घेतलेली, काही इंग्रजी साहित्य. गणितवाले वर्षभरात खरंच बदलले होते. 'सम आहे, म्हणजे मागे स्वर असणार' असल्या फसव्या उड्या ते कमी मारू लागले. साहित्यवाले होते तिथेच राहिले. पण गंमत पुढे आहे. 'विषम आहे, म्हणजे मागे स्वर नसणार' हे अगदी बरोबर अनुमानही गणितवाले पूर्वीपेक्षा जास्त नाकारायला लागले. दुधाने पोळलेल्यासारखं त्यांनी ताकही फुंकलं. गणिताने त्यांना शंका घ्यायला शिकवलं, आणि ती थोडी जास्तच शिकवली. मला हा निकाल फार आवडला. आमच्या घराण्यात गणितात चांगले गुण मिळवलेल्या माणसांशी लग्नाची बोलणी करायला कुणी का जात नाही, हे त्यातून कळतं.

या बाबतीत मराठीने आपल्या परीने एक सोय करून ठेवलीय, ती म्हणजे च. 'अभ्यास केलास तर आइस्क्रीम' आणि 'अभ्यास केलास तरच आइस्क्रीम' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात अभ्यास न करता आइस्क्रीम मिळायला तत्त्वतः हरकत नाही. गणिताच्या पुस्तकात 'जर आणि तरच' असा भारदस्त प्रयोग येतो, त्यातलं सगळं वजन त्या एका अक्षराच्या डोक्यावर असतं. पण घरात आपण तो च गाळून बोलतो आणि समोरच्याने तो ऐकलाच पाहिजे अशी अपेक्षा करतो. चकार शब्द न काढणं म्हणतात ते बहुधा हेच.

शाळेत प्रत्येक मराठी मुलाला सांगितली जाणारी तर्काची पहिली गोष्ट घ्या. वर्गात टरफलं पडलीत, मास्तर उचलायला सांगतात, आणि बाळ टिळक म्हणतात, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. आपण लहानपणापासून टाळ्या वाजवतो. आता नियम मांडून पाहा. 'ज्याने शेंगा खाल्ल्या त्याने टरफलं उचलावीत.' मी खाल्ल्या नाहीत. यातून काय निघतं? तर्काच्या पुस्तकाप्रमाणे काहीच निघत नाही! न खाणाऱ्याने काय करावं याबद्दल नियम गप्प आहे. आईच्या भाषेत तो उपास नसलेला माणूस. टिळकांचं म्हणणं उभं राहतं ते 'ज्याने खाल्ल्या त्यानेच उचलावीत' या च वर, आणि तो च मास्तरांनी उच्चारलेलाच नव्हता. पण टिळक पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात पदवीधर झाले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवलं, कायदाही शिकले. त्यांना तो च दिसला नसेल हे मी मान्य करणार नाही. त्यांनी तो आपल्या पदरचा घातला. आमच्या सरांच्या भाषेत, रचना केली.

हे मी जेवणाच्या टेबलावर मांडलं तेव्हा आई म्हणाली, "टिळकांच्या चुका काढतोय. आधी तुझी टरफलं उचल." मी खरोखरच बोलता बोलता तिच्या परातीतल्या मूठभर शेंगा खाल्ल्या होत्या.

आषाढी आली. मी सकाळीच उपास जाहीर केला होता. दुपारी ऑफिसात कुणाच्या तरी बढतीचे बटाटेवडे आले. गरम होते, चटणी ओली होती, आणि बढती माझ्या मित्राची होती. अशा तीन कारणांवरून एक निष्कर्ष निघाला. मग दुसरा. संध्याकाळी घरी येऊन मी हातपाय धुतले, कपाळाला बुक्का लावला आणि पानावर बसलो. आईने खिचडी वाढली, वर दाण्याचा कूट, बाजूला बटाट्याची भाजी. मुलीचा उपास नव्हता. ती खिचडीवर तुटून पडली होती. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"वडे कुठले होते रे?"

"कसले वडे?"

"उपास असता तर तू तीनदा खिचडी घेतली असतीस. दर एकादशीला घेतोस. आज पहिलीच संपेना."

मुलीने घास थांबवला. "आजी, ही अप्रत्यक्ष सिद्धता! सातचा पत्ता!"

मी डोकं चालवलं. खिचडी न संपायला वड्याखेरीज दुसरं कारण असू शकतं. एवढी फट पुरे होती. "अगं, पोटात जरा बरं वाटत नाहीये सकाळपासून."

"पोटात बरं नसतं तर आल्याआल्या ताक मागितलं असतंस."

मी जरा वेळ ताटातल्या साबुदाण्यांकडे पाहिलं. मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "आई, थोडं ताक असेल तर दे बरं."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आता रचना नका करू."